चार पट्ट्या, दोन विहिणी

माझ्या विहीणबाई तलासरीहून आल्या की रिक्षातून आधी पिशव्या उतरत आणि मग त्या उतरत. पिशव्या किती हे मी स्वयंपाकघराच्या खिडकीतून बघून ठेवत असे. घरात आल्यावर मात्र "अगंबाई, इतकं कशाला आणलंत" म्हणायची रीत असते, ती मी पाळायची. आधी लेकीसाठी, मग जावयासाठी, मग नातीसाठी आणि सगळ्यात शेवटी माझ्यासाठी, अशा क्रमाने पिशव्या रिकाम्या होत. माझ्या वाट्याला खाकरे. "वेवाण, तुमचे दात बराबर आहेत ना आता?" असं विचारून त्या पुडा पुढे करत. त्यांचा जन्म तलासरीचा, बोलणं अर्धं गुजराती, आणि विहिणीला त्या वेवाणच म्हणत. माझ्याहून त्या फक्त दोन वर्षांनी लहान. पण विचारत अशा, जणू मला खिमट भरवायची वेळ आली आहे.

ही गोष्ट दोन हजार अठरा सालची. तेव्हा मी एकसष्ट वर्षांची होते. आज त्या बाईकडे बघितलं की तिचा कान धरावासा वाटतो. पाटबंधाऱ्याच्या कचेरीत अनुरेखक म्हणून आयुष्य काढलेली, साहेबांनी पेन्सिलीने काढलेले कालव्यांचे नकाशे शाईने हुबेहूब गिरवणारी, पेन्शन घेणारी बाई. आणि हिचा जीव अडकलेला कशात, तर नात 'आजी' आधी म्हणाली की 'नानी'. नानी आधी म्हणाली. बोळक्या तोंडाला 'नानी' म्हणणं सोपं जातं, हे मी आमच्या आळीत घरोघर समजावून आले होते. कोणी विचारलं नव्हतं.

त्या वर्षी सून पुण्याची नोकरी सोडून डहाणूला येऊन जेमतेम वर्ष झालं होतं. ती मेकॅनिकल इंजिनिअर. यंत्रांचे आणि प्लास्टिकच्या वस्तूंचे भाग कॉम्प्युटरवर काढायचे आणि ते वजन सोसतील का, कुठे तडकतील, हे वस्तू बनण्याआधी कॉम्प्युटरवरच तपासायचं, हे तिचं काम. माझा मुलगा बोईसरच्या कारखान्यात पाळ्या करायचा, म्हणून तिने ठरवलं, आपणही इथूनच स्वतःचं काम सुरू करू. पुण्याची कंपनी तिला परत बोलवत होती. तिने त्यांना दिवाळीपर्यंत थांबायला सांगितलं होतं. इथे काम मिळालं नाही तर ती नातीला घेऊन पुण्याला जाणार आणि मुलगा सुट्टीला जाऊन-येऊन करणार, हे घरात सगळ्यांना माहीत होतं. कोणी बोलत नव्हतं एवढंच.

आणि काम आलं. तलासरीचा एक कारखानदार प्लास्टिकचे कॅरेट करायचा. त्याला चिकूसाठी नवं कॅरेट काढायचं होतं, हलकं, तरी ट्रकमध्ये एकावर एक रचलं तर तळचं दबणार नाही असं. डाय, म्हणजे साचा, एकदा पोलादात कोरली की कोरली, म्हणून त्याआधी कॅरेट टिकतं हे कॉम्प्युटरवर दाखवा, मग हे आणि पुढची सगळी कामं तुमची, असं तो म्हणाला. हा माणूस विहीणबाईंच्या शेजारचा निघाला. म्हणजे कामही त्यांच्याच पिशवीतून आलेलं.

सुनेकडे पुण्याचा जुना लॅपटॉप होता. त्यावर कॅरेट काढून झालं, छान गोल गोल फिरवून तिने मला दाखवलंही. पण वजन ठेवून तपासायला घेतलं की तो तापायचा. तिने त्याला भांडी निथळायच्या जाळीवर ठेवला, शेजारी टेबलफॅन लावला. तासन् तास घरघर करून शेवटी तो सांगायचा, जागा पुरत नाही.

"अगं, मग फोटो पुसून टाक ना," मी म्हणाले.

"आई, ती जागा वेगळी. हे बघा, फोटो असतात ते कोठीच्या खोलीत. मी म्हणते ती जागा म्हणजे आपला ओटा. स्वयंपाक ओट्यावर होतो ना? ओटा एवढासाच असला तर प्रत्येक वाटीसाठी कोठीत जा, आधीची वाटी ठेवून या, दुसरी आणा. कॅरेटचे मी बारीक बारीक लाखो तुकडे पाडलेत, प्रत्येकावर किती भार येतो याचं गणित एकाच वेळी ओट्यावर मांडून हवं. ओटा म्हणजे मेमरी. ती मोठी लागते."

"आणि ते पंखेवालं, गेम खेळतात ते कार्ड?"

"ते चित्र फिरवायला. मला साधं पुरेल. कॅरेट काढताना एक हात चपळ असला की भागतं, तपासताना पुष्कळ हात लागतात. तेव्हा पैसे घालायचे ते पुष्कळ हातांच्या प्रोसेसरला आणि मेमरीला. दिसण्यावर काही नाही."

मी मान हलवली. मनात म्हटलं, आम्ही आयुष्यभर नकाशे केले, आम्हाला शिकवते. माझं मत असं होतं की नकाशाच्या कामाला फळा मोठा लागतो, म्हणून स्क्रीन भिंतीएवढा घ्यावा. ते मी दोनदा बोलून दाखवलं. स्क्रीन तिने मधलाच घेतला.

तिने सगळं ठरवलं होतं, स्वतःच्या साठवलेल्यातून घेणार होती. तेवढ्यात तलासरीहून फोन आला. फोन स्पीकरवर होता, कारण सून भाकरी थापत होती.

"कॉम्प्युटर आमच्याकडून," विहीणबाई म्हणाल्या. "लेकीचं पहिलं काम आहे. तू ना म्हणू नको."

सून काही बोलायच्या आत मी ओट्याशी वाकले आणि फोनला म्हणाले, "विहीणबाई, मशीन या घरात बसणार. सून आमची. आमच्याकडून होऊ दे."

"वेवाण, तुम्ही कुठे त्रास घेता."

"त्रास कसला. मी ड्रॉइंगच्याच खात्यातली."

"मला कोणाकडूनच नको आहे," सून म्हणाली. तव्यावरची भाकरी करपली तरी तिचं ऐकलं कोणी नाही. तीन दिवस फोनाफोनी चालली. शेवटी ह्यांनी तोड काढली. आमचे हे रेल्वेच्या तिकीट खिडकीवर होते, रांगेतली भांडणं सोडवायची त्यांना सवय. ते म्हणाले, मशीन सून घेईल. मेमरीच्या चार पट्ट्या लागतात म्हणते, त्यातल्या दोन तुम्ही द्या, दोन त्या देतील. दोघींचा मान सारखा. यूपीएस मी देतो, माझ्याशी कोणी भांडू नका.

सुनेने सुस्कारा टाकला आणि आम्हा दोघींना फोनवर एकच मजकूर पाठवला. पट्टीचं नाव, मेमरी किती, वेग, सगळं लिहून खाली एक ओळ: चारही पट्ट्या अगदी सारख्या हव्यात, यात अक्षराचाही बदल करू नका.

आता मला सांगा, सारखंच द्यायचं असेल तर द्यायचं कशाला? असं त्या एकसष्ट वर्षांच्या पोरीचं म्हणणं. ह्यांना घेऊन ती डहाणू रोडच्या दुकानात गेली. दुकानदाराने सांगितलेली पट्टी काढून काउंटरवर ठेवली. हिरवी, कोणत्याही रेडिओतून निघावी अशी. ती बघून माझा चेहरा पडला.

"याच्या वरची नाही का?"

"आहे ना काकू. पण मॅडमनी हीच लिहिलीय."

"वरची दाखवा."

त्याने काचेच्या कपाटातून खोका काढला. आतल्या पट्ट्यांना काळं चिलखत होतं, आणि त्याने त्या दुकानातल्या मशीनला लावून दाखवल्या तेव्हा त्यांच्या कडेवरून निळा, मग गुलाबी, मग हिरवा दिवा धावायला लागला. "वेगही जास्त आहे. गेमवाले हेच नेतात," तो म्हणाला.

"मजकुरात दिवे नाहीत," हे म्हणाले.

"दिवे असले तर बिघडतं का? वेग जास्तच आहे, कमी तर नाही?" मी विचारलं. दुकानदार म्हणाला, कमी नाही. मला तेवढंच हवं होतं. बाकी तो काहीतरी चारही सारख्या असण्याबद्दल सांगत होता, पण माझं लक्ष निळ्यातून गुलाबीत जाणाऱ्या दिव्याकडे होतं, आणि त्या दिव्यात मला विहीणबाईंचा चेहरा दिसत होता.

विहीणबाईंनी त्यांच्या वापीच्या बाजारात काय केलं ते नंतर कळलं. त्यांनीही विचारलं होतं, याच्याहून मोठी नाही का. त्यांना दुप्पट मेमरीच्या मिळाल्या. आमच्या पत्रिका जुळवल्या असत्या तर छत्तीस गुण जुळले असते.

मशीन जोडायच्या दिवशी त्या आल्या. पट्ट्या चांदीच्या ताटलीत, वर खण, नारळ, बाजूला पेढे. म्हणजे देण्यातही वरचढ. मी धावत आत जाऊन माझ्या पट्ट्यांखाली पैठणीचा खण घातला आणि पट्ट्यांना ठसठशीत हळदकुंकू लावलं. नेमकं पट्टी मशीनमध्ये रुतते ते सोनेरी दात असतात तिथे. सुनेने माझ्याच जुन्या ड्रॉइंगच्या डब्यातलं खोडरबर घेतलं आणि ते दात हलक्या हाताने पुसून काढले.

मग तिने चारही पट्ट्या टेबलावर ओळीने मांडल्या आणि बघत राहिली. दोन हिरव्या दुप्पट मेमरीच्या, दोन चिलखतवाल्या. आम्ही दोघी समोर सोफ्यावर, पेढे खात.

"चालतील ना गं?" विहीणबाईंनी विचारलं.

"न चालायला काय झालं," मी म्हणाले.

सून माझ्याकडे बघून आईकडे वळली, आणि पुन्हा माझ्याकडे. "बघते," म्हणाली. एका जोडीला बाजूला ठेवायचं तर कोणाच्या, हा प्रश्न त्या पोरीपुढे होता, मेमरीचा नव्हता. तिने चारही बसवल्या, वेग सारखा व्हावा म्हणून सगळ्यांचा खाली ओढला आणि मशीन चालू केलं. कॅबिनेटला एका अंगाला काच होती. काचेतून माझे दिवे धावले. नात टाळ्या पिटायला लागली. मी विहीणबाईंकडे बघितलं नाही. बघायची गरज नव्हती.

"तुमच्या पट्ट्या कुठल्या, त्या बिनदिव्याच्या?" एवढंच विचारलं.

"होय," त्या म्हणाल्या. "अंधारात काम करणाऱ्या."

पुढचे काही दिवस कॅरेट नुसतं काढायचं, फिरवायचं काम असलं की मशीन झकास चालायचं. पण वजन ठेवून तपासायला लावलं की अर्ध्यावर निळा पडदा यायचा आणि सगळं बंद. पुन्हा पहिल्यापासून. सुनेला वाटलं, लाइटचा दाब कमी-जास्त होतोय, म्हणून यूपीएस तपासून आणला. मग वाटलं, मशीन तापतंय. मग तिने कॅरेटचे तुकडे नव्याने पाडले. मग ती स्वतःलाच दोष द्यायला लागली. एकदा मी चहा घेऊन गेले तर ती निळ्या पडद्याकडे बघत बसली होती. तिच्या फोनवर पुण्याचा नंबर वाजत होता आणि ती उचलत नव्हती.

कारखानदाराने आठवडाभरात काय ते सांगा म्हटलं होतं. त्याच दिवशी जेवताना ती म्हणाली, "आई, मी उद्या दोन पट्ट्या काढून ठेवणार आहे. चारांचं आपसात जमत नाही. एक एक जोडी नीट चालते, एकत्र घातल्या की लांबच्या गणितात कुठेतरी चुकतात. कोणाच्या काढणार ते कृपा करून विचारू नका."

मी विचारलं नाही. सकाळी दूध तापवताना नुसती मान लांब करून काचेकडे बघितलं. आत काळोख होता. ना निळा, ना गुलाबी.

त्या काळोखाकडे बघताना मला जे वाटलं ते लिहायला आजही बरं वाटत नाही, पण मजा येते. माझ्या लग्नात नणंदेला माझ्यापेक्षा भारी शालू आला होता, तेव्हाही इतकं जळलं नव्हतं. आणि कारण तर अगदी साधं होतं. चार पट्ट्या मिळून जेवढा ओटा सुनेला हवा होता, तेवढा विहीणबाईंच्या दोनच पट्ट्यांत भरला होता. त्यांनी दुप्पट घेतल्या ना. माझ्या दोन नुसत्याच लावल्या असत्या तर ओटा निम्मा. मी दिव्यांत वरचढ झाले आणि त्या मेमरीत. सुनेच्या कामाला दिवा लागत नव्हता.

त्यात विहीणबाई त्याच दिवशी आल्या. काचेकडे एक नजर टाकून म्हणाल्या, "वेवाण, लाइट गेली का आतली?"

"विश्रांती दिलीय," मी म्हणाले.

सुनेने सकाळीच तपासणी सुरू केली होती. पडद्यावर एक पट्टा सावकाश भरत होता. तो पूर्ण भरला की कॅरेटवर रंग येणार, भार नसेल तिथे निळा, जास्त असेल तिथे लाल. दुपारी तिला नातीला बालवाडीतून आणायला जायचं होतं. जाताना तिने आम्हा दोघींना खुर्च्यांवर बसवलं आणि एकेक शब्द सावकाश सांगितला. "कशाला हात लावू नका. लाइट गेली तर यूपीएस वाजेल, घाबरू नका. फक्त स्क्रीनचं हे खालचं बारीक बटण बंद करा, म्हणजे यूपीएस जास्त वेळ टिकेल. खोक्याचं मोठं बटण नाही. स्क्रीनचं."

ती गेली. हे बाहेरच्या खोलीत पेपरवर झोपलेले. आम्ही दोघी त्या पट्ट्याकडे बघत बसलो. निम्म्याच्या पुढे गेला होता. आधी कधीच इतका गेला नव्हता.

"सरस चालतंय, नै?" विहीणबाई म्हणाल्या.

मी हूं म्हटलं. आणि माझ्या मनात आलं, अडकावं. आत्ता इथे निळा पडदा यावा. म्हणजे सिद्ध होईल की दोष माझ्या पट्ट्यांचा नव्हता. लगेच दुसरं मन म्हणालं, अगं बये, अडकलं तर नात पुण्याला जाईल. मग मी पट्ट्याला म्हणाले, चल बाबा, भर. तो थोडा भरला की पुन्हा पहिलं मन डोकं वर काढायचं. अशी ती बाई खुर्चीत बसून एका डोळ्याने नवस बोलत होती आणि दुसऱ्याने शाप देत होती.

तेवढ्यात लाइट गेली. पंखा थांबला, यूपीएस कोंबडीसारखा ओरडायला लागला. विहीणबाई दचकून उठल्या. "बटन, बटन," म्हणत त्यांचा हात गेला तो सरळ खोक्याच्या मोठ्या बटणावर.

तो हात मी धरला. मनगट घट्ट, बांगड्या रुतेपर्यंत.

"काय करता, दुखतंय."

"स्क्रीनचं म्हणाली ती. खालचं. बारीक."

दुसऱ्या हाताने मी बारीक बटण दाबलं. स्क्रीन काळा झाला. आता आत काय चाललंय ते दिसत नव्हतं, नुसता खोक्यातल्या पंख्याचा आवाज येत होता. त्यांचं मनगट मी सोडलं नव्हतं. मुलाच्या लग्नात गळाभेट झाली होती, त्यानंतर मी त्यांना हात लावल्याचं आठवत नाही.

"चालू आहे ना आत?" त्यांनी हळूच विचारलं.

"घरघर येतेय."

"पोरगी जाईल पुण्याला, वेवाण. नाही झालं तर."

"मला माहीत आहे."

"मला तर तलासरीहून पुणं जमणार नाही. गुडघे."

त्यांनाही नातीसाठीच जळत होतं, हे मला तेव्हा लख्ख दिसलं. दिसलं म्हणून माझं जळणं कमी झालं असं कोणी समजू नये. उलट वाटलं, या गोष्टीतही ही माझ्या बरोबरीला.

लाइट आली. यूपीएस गप्प झाला. सून आणि नात दारात आल्या तेव्हा आम्ही दोघी काळ्या स्क्रीनसमोर हात धरून बसलेल्या. सुनेने चप्पलही न काढता स्क्रीन लावला. पट्टा भरला होता. चिकूचं कॅरेट मधोमध उभं होतं, बहुतेक निळं, आणि खालच्या चारही कोपऱ्यांत लाल.

"तुटलं का?" मी विचारलं.

"कोपऱ्यात तुटेल. पण कुठे ते कळलं ना, आई. तिथे आतून आधाराची बरगडी जाड केली की झालं." ती पुन्हा खुर्चीत बसली, आणि त्या आठवड्यात तिने ते लाल हळूहळू पिवळं आणि मग हिरवं करून दाखवलं. कारखानदार येऊन बघून गेला आणि काम पक्कं करून गेला. पुण्याचा फोन वाजला तेव्हा सुनेने तो उचलला आणि स्वयंपाकघरातच, माझ्यासमोर, नाही म्हणाली.

माझ्या पट्ट्यांचं तिने पुढे विचारलं, दुकानात बदलून आणू का. मी नको म्हटलं. मात्र ज्याला त्याला मी सांगत राहिले की मेमरी त्यांची असेल, पण वेळेवर बटण कोणी दाबलं? विहीणबाई सांगत राहिल्या की बटण तर सगळे दाबतात.

पण खरा चटका पुढे बसला. कॅरेटनंतर तलासरीची कामं वाढली आणि सुनेला आठवड्यातून दोनदा कारखान्यात जावं लागायला लागलं. जाताना नातीला बरोबर न्यायची, दिवसभर आपल्या आईकडे ठेवायची. नात पुण्याला गेली असती तर दोघींपासून सारखीच लांब राहिली असती. आता ती राहिली डहाणूला, पण मंगळवारी आणि शुक्रवारी आशागड मागे टाकून, चारोटीवरून हायवेने नानीकडे. मी सकाळी तिच्या डब्यात शिरा, घावन, चिकूच्या फोडी, मावेल ते कोंबायची, म्हणजे तिकडे पोटात जागाच राहायला नको. संध्याकाळी डबा तसाच परत यायचा.

एका शुक्रवारी ती आली ती ओठांच्या कोपऱ्यात मोहरी चिकटलेली घेऊन. मी पदराने तिचं तोंड पुसलं.

"काय खाल्लंस गं नानीकडे?"

"ढोकळा."

"कोरडा होता का? घशात अडकला का?"

ती विचारात पडली. मी वाट बघत होते.

"नाही," ती म्हणाली. "तू पण कर ना, आजी. नानीला विचार कसा करतात."

मी डाळ भिजत घातली. विचारलं मात्र नाही.